पावतीपुस्तकाकडून प्रस्तावाकडे

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा सरकारी कचेऱ्यांमध्ये जसा धावपळीचा, तसाच तो आता तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या सामाजिक संस्थांमध्येही असतो. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे व्यवहारातल्या 'सीएसआर'च्या, निधीचा हिशेब त्याआधी जुळावा लागतो. फेब्रुवारीत हाती आलेला हप्ता सहा-आठ आठवड्यांत खर्ची पडला पाहिजे, उपयोगिता प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाची सही झाली पाहिजे, लाभार्थ्यांच्या याद्या आणि फलकासह काढलेली छायाचित्रे मुंबई-पुण्याच्या कार्यालयात पोहोचली पाहिजेत. गावात नेमकी त्याच सुमारास गहू-हरभऱ्याची काढणी चालू असते, जत्रा तोंडावर आलेल्या असतात आणि ग्रामसभेला माणसे जमत नाहीत. या दोन वेळापत्रकांच्या मधोमध एक माणूस उभा असतो. त्याच्या नेमणूकपत्रावर कुठे 'प्रकल्प समन्वयक', कुठे 'निधी व समाज-सहभाग अधिकारी', तर कुठे नुसतेच 'कार्यकर्ता' असे लिहिलेले असते. पैसा आणायचा तोही त्यानेच आणि ज्यांच्यासाठी तो आला त्यांना कामात सामील करून घ्यायचे तेही त्यानेच, अशी अपेक्षा असते. ग्रामीण महाराष्ट्रातील पाणी, शाळा, आरोग्य यांच्या कितीतरी कामांचा भार या माणसावर आहे. तथापि त्याचे काम हा एक पेशा आहे, त्याला कौशल्य लागते आणि त्याचे मोल द्यावे लागते, ही गोष्ट देणाऱ्यांच्या आणि संस्था चालविणाऱ्यांच्याही गळी अद्याप उतरलेली नाही.

पदाचे नाव नवे असले तरी काम जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडाच्या बळावर १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. एकेका पैशाने कारखाना उभा राहील काय, असे म्हणणारे व्यवहारी लोक तेव्हाही असणारच. पण त्या पैशाबरोबर स्वदेशीचा विचार ज्याच्या त्याच्या दारापर्यंत गेला, आणि तो पोहोचविणे हा वर्गणीचा निम्मा हेतू होता.

याहून बोलके उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले तेव्हा पोरांना जेवू काय घालायचे, हा रोजचा प्रश्न होता. लक्ष्मीबाई पाटील यांनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुष्टिफंडाची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. घरोघरच्या बायकांनी रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे, अशी ती साधी रीत होती. हाती रोकड नसलेल्या कुटुंबालाही देणगीदार होता येईल, अशी ही व्यवस्था. शिवाय ज्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, त्यासाठी मूठभर ज्वारी देणारी बाई त्या पंक्तीलाही एका परीने संमती देत होती. एरवी जी गोष्ट व्याख्यानांनी पटली नसती, ती त्या मुठीने हळूहळू घराघरांत शिरली. निधी गोळा करणे आणि समाजाला सहभागी करून घेणे ही येथे दोन कामे नव्हतीच.

महर्षी कर्वे यांचेही असेच. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. त्या काळात इतकी रक्कम हाती आल्यावर एखाद्याने झोळी खुंटीला टांगली असती. अण्णासाहेबांनी तसे केले नाही. सत्तरी उलटल्यावर ते परदेशांचा दौरा करून आले, तेथेही स्त्रीशिक्षणाविषयी बोलले आणि वर्गणी मागितली. मागणे हा त्यांच्या लेखी प्रचाराचाच भाग होता.

अर्थात ही थोरामोठ्यांची उदाहरणे आहेत. त्यांना पगार नव्हता, बढती नव्हती आणि निवृत्तीवेतनाची चिंता करण्याची त्यांची वृत्तीही नव्हती. आजच्या तिशीतल्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या, घरी म्हातारे आई-वडील आणि शाळेत जाणारे मूल असलेल्या माणसाकडून त्याच त्यागाची अपेक्षा धरणे हा अन्याय होय. मात्र त्या जुन्या पद्धतीतून एक धडा घेण्याजोगा होता आणि नेमका तोच सोडून दिला गेला.

ही फारकत एका दिवसात झाली नाही. परदेशी मदत, सरकारी योजना आणि शहरांतील विश्वस्त निधी यांच्या काळातच तिची सुरुवात झाली होती. पण तिला पक्के रूप मिळाले ते २०१३ च्या कंपनी कायद्याने. त्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे बंधन १ एप्रिल २०१४ पासून आले. कायद्याने अशी सक्ती करणारे देश जगात मोजकेच आहेत, आणि त्यातून वर्षाकाठी हजारो कोटी रुपये सामाजिक क्षेत्रात येऊ लागले, हे मान्यच केले पाहिजे. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातील सर्वात मोठा हिस्सा येतो. तो राज्यात कसा पसरतो, हे मात्र पाहण्यासारखे आहे. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. साहजिकच पैसा मुंबई, ठाणे, पुणे, रायगड अशा उद्योगांच्या पट्ट्यात अधिक साचतो. २०१८ मध्ये केंद्राने देशभरातील मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून निवड केली, तेव्हा राज्यातून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, असे चार जिल्हे त्या यादीत आले. ज्या तालुक्यात कारखान्याचे धुराडेच नाही, तेथील संस्थेला 'परिसर' या शब्दाचा उपयोग काय?

तेथील संस्थेला मग कोणीतरी मुंबईला पाठवावा लागतो. त्याला इंग्रजी सफाईने बोलता-लिहिता आले पाहिजे, संगणकावर सादरीकरण करता आले पाहिजे, 'आउटपुट' आणि 'आउटकम' यांतला भेद सांगता आला पाहिजे. असा माणूस तालुक्यात क्वचित सापडतो आणि सापडलाच तर टिकत नाही. म्हणून जरा बऱ्या स्थितीतील संस्था पुण्यात एक छोटे कार्यालय थाटते आणि निधी उभारणीचे काम तेथे जाते. गावात राहतो तो समाज-सहभाग. पहिल्याला पगार, दुसऱ्याला मानधन. पहिला देणगीदाराला ओळखतो पण गावाला नाही. दुसऱ्याला प्रत्येक वस्तीतले भांडण ठाऊक असते, पण आपल्या कामाचे पैसे कोणाकडून आणि कोणत्या अटींवर आले, हे त्याला कित्येकदा प्रकल्प संपताना कळते. प्रस्तावात 'दहा गावांत पाणी समित्या स्थापन करणार' हे वाक्य लिहायला एक मिनिट लागते. त्या दहांपैकी तीन गावांत सरपंचाचा आणि सोसायटीच्या चेअरमनचा उभा दावा आहे आणि एका गावात विहीर ज्या वस्तीत खोदायची तिथे दुसऱ्या वस्तीतले लोक पाणी भरायला जाणार नाहीत, हे त्या वाक्यात येत नाही. ते निस्तरायला वर्ष जाते, आणि प्रकल्प असतो अकरा महिन्यांचा.

येथे कायद्याला सरसकट दोष देऊन चालणार नाही. चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम नेण्याची मुभा २०२१ च्या नियमांत स्पष्ट आहे. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादाही कंपनीच्या स्वत:च्या कारभारासाठी आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये केला. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च तर प्रशासकीय खर्चात धरायचाच नाही, असे नियमांची व्याख्याच सांगते. म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे, यात शंका राहू नये. प्रत्यक्षात अंदाजपत्रक कंपनीकडे गेले की पहिली कात्री त्याच रकान्याला लागते. बंधारा दिसतो, शौचालय दिसते, त्यांच्यावर नाव रंगवता येते. वर्षभर चाललेल्या बैठका दिसत नाहीत.

'माझ्या १०० रुपयांतले प्रत्यक्ष गरजूपर्यंत किती पोहोचतात?' हा देणगीदाराचा आवडता प्रश्न. तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. कागदोपत्री संस्था काढून अनुदाने लाटणाऱ्यांनी तो प्रश्न ओढवून घेतला, हेही खरे. पण गावात आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेत गरजूपर्यंत पोहोचणारी वस्तू बहुतेक वेळा माणूसच असतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये किंवा डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ नंतर गडचिरोलीत जे उभे केले, त्याचा गाभा गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या बनविणे हा होता. त्यांच्या प्रशिक्षणावरचा आणि मानधनावरचा खर्च 'वरखर्च' ठरवून छाटला असता तर मागे काय उरले असते?

परदेशी निधीच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट झाली. परदेशी अंशदान नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, सर्व रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच घेण्याचे बंधन आले आणि एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला परदेशी निधी वाटून देण्यावर पूर्ण बंदी आली. या शेवटच्या तरतुदीची झळ सर्वाधिक लागली ती आडगावच्या छोट्या संस्थांना. दिल्ली-मुंबईतील मोठी संस्था परदेशातून निधी आणायची आणि त्यातून पाच-दहा छोट्या संस्थांना काम द्यायची, ही साखळी तुटली. छोट्या संस्थेच्या कार्यकर्त्याने आता थेट देणगीदार गाठावा, हे म्हणणे तत्त्वत: ठीक, पण त्यासाठी लागणारा माणूस नेमायला पैसा कोठून आणायचा? अमेरिकेतील मराठी मंडळी आपल्या जिल्ह्यासाठी काही देऊ पाहतात तेव्हाही नियमांचा पेच असतो. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वत:च्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही, मात्र तेथील नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भावाची ठरते. गणपतीला गावी आलेल्या पाहुण्याला देणगीची पावती फाडण्यापूर्वी 'पासपोर्ट कुठला?' असे विचारणे मराठी माणसाला जड जाते, पण विचारावे लागते.

या सगळ्यात गावाकडे देण्यासारखे काही नाही, असा एक समज मूळ धरून बसला आहे. तो खरा नाही. सात दिवसांच्या हरिनाम सप्ताहाला गाव किती धान्य, तेल, गूळ आणि रोकड जमवते, ते कोणत्याही तालुक्यात पाहावे. देणाऱ्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात, हिशेब सर्वांसमोर वाचला जातो आणि चुकला तर तिथल्या तिथे कोणीतरी उठून विचारतो. लेखापरीक्षणाची ही रीत कोणत्याही कंपनीच्या अहवालापेक्षा कडक आहे. मंदिराच्या सभामंडपासाठी जमणारा पैसा वाचनालयासाठी जमत नाही, याचे कारण केवळ श्रद्धा नव्हे. मंडपासाठी मागणारा माणूस गावातला असतो आणि पुढची वीस वर्षे गावातच राहणार असतो. वाचनालयासाठी येणारा जीपमधून येतो.

सरकारी योजनांनी लोकवर्गणीचे तत्त्व स्वीकारले, ते याच विचाराने. २००२ च्या स्वजलधारा योजनेत भांडवली खर्चाच्या १० टक्के वाटा गावाने उचलायचा होता. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामांसाठी १० टक्के, तर डोंगराळ, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती अधिक असलेल्या गावांसाठी ५ टक्के वाटा ठेवला गेला. परंतु वर्गणी घरोघर जाऊन मागायला वेळ लागतो आणि काम तर लवकर सुरू व्हायला हवे. म्हणून ती रक्कम कंत्राटदारानेच परस्पर भरल्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत आल्या आहेत. नोंदवहीत लोकसहभाग शंभर टक्के आणि गावात कोणाला पत्ता नाही, अशी ही गंमत. मोटार जळाली की मग दुरुस्तीचे पैसे द्यायला कोणी पुढे येत नाही, यात नवल काय?

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच सापडते. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत गावांची जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली आणि २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. तेथे गावाला बांधकामासाठी पैसे दिले जात नव्हते. गावातील निवडक स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षण मिळे. पुढचे श्रमदान गावाचे आणि यंत्रांच्या डिझेलसाठी पैसा उभा करायचा तोही बहुतांशी गावानेच. तेव्हा जे घडले ते पाहण्यासारखे होते. मुंबई-पुण्याला असलेल्या चाकरमान्यांना दूरध्वनी गेले, शिक्षकांनी, सेवानिवृत्तांनी पैसे काढून दिले, कोणी लग्नाचा खर्च आटोपता घेऊन ती रक्कम दिली. प्रशिक्षण घेऊन आलेली माणसेच निधी मागत होती आणि टिकाव-फावडेही तीच हाती घेत होती, त्यामुळे मागण्याला वजन आले. या मोहिमेवर टीकाही झाली. घाईत यंत्रांनी केलेल्या खोदाईचे शास्त्र तपासले गेले का, उपसलेल्या पाण्याचा हिशेब कोण ठेवणार, हे प्रश्न रास्त होते. ४५ दिवसांची लाट ओसरल्यावर बंधाऱ्यातला गाळ काढायला कोण, याचे उत्तर प्रत्येक गावात सारखे मिळाले नाही. हिवरे बाजारला ते मिळाले, कारण पोपटराव पवार तेथे नव्वदच्या दशकापासून ठाण मांडून होते.

ठाण मांडून राहणे हेच या पेशातील खरे कौशल्य. आणि आजच्या नोकरीच्या बाजारात त्याला किंमत नाही. समाजकार्याच्या महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरासारख्या ठिकाणी ग्रामीण भागाचा चांगला अनुभवही त्यांना मिळतो. तथापि देणगीदाराला पत्र कसे लिहावे, गावातील व्यापाऱ्याकडे किंवा पतसंस्थेकडे काय मागावे, पावती, आयकर सवलत आणि धर्मादाय आयुक्तांकडील हिशेब यांची सांगड कशी घालावी, हे बहुतेकांना नोकरीतच, चुका करत शिकावे लागते. २०२१-२२ पासून देणगीदारांचे तपशीलवार विवरण आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावे लागते. २,००० रुपयांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही, ती त्याही आधीपासून. हे नियम पारदर्शकतेसाठी आवश्यकच आहेत. परंतु आठवडी बाजारात बसून शंभर-शंभर रुपये जमवणाऱ्या संस्थेला त्यासाठी निराळा माणूस लागतो. सामाजिक शेअर बाजाराचा नवा मार्ग सेबीने २०२२ मध्ये खुला केला. तेथे निधी उभारणीची किमान रक्कम पुढे १ कोटीवरून ५० लाखांवर आणली गेली. ज्या संस्थेचे सारे वार्षिक अंदाजपत्रक १५ लाखांचे, तिला हा दरवाजाही उंचच.

गावपातळीवरचे काम बव्हंशी स्त्रिया करतात, हे वेगळे सांगायला नको. २०११ मध्ये राज्यात सुरू झालेल्या 'उमेद' अभियानात बचतगटांना बांधून ठेवणाऱ्या हजारो महिला मानधनावर आहेत आणि अभियानातील कर्मचाऱ्यांना कायम करा, या मागणीसाठी २०२४ मध्ये मोठी आंदोलने झाली. सरकारी अभियानाची ही स्थिती, मग खासगी संस्थेतील कार्यकर्तीला भविष्य निर्वाह निधी आणि बाळंतपणाची रजा कोण देणार? तिने पस्तिशीपर्यंत चिकाटी धरली तर समन्वयक होते. त्यापुढची शिडी पुण्याला जाते, गावाकडे नाही.

देणाऱ्यांना यात बदल करता येणार नाही, असे नव्हे. करार तीन वर्षांचा करावा, कार्यकर्त्याचा पगार कामाचा भाग मानावा, पहिले वर्ष केवळ गावाशी बोलण्यासाठी द्यावे आणि त्या वर्षात फलकाची अपेक्षा ठेवू नये, इतके केले तरी पुरे. काही कंपन्या हे करतातही. संस्थांनीही जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या दात्यावर विसंबण्याऐवजी तालुक्यातील दोनशे-तीनशे लहान देणगीदार जोडण्याची मेहनत घ्यायला हवी. ही रक्कम छोटी असते, पण ती ३१ मार्चला संपत नाही.

तूर्त मात्र एप्रिल उजाडतो तेव्हा जुना प्रकल्प संपलेला आणि नवा मंजूर व्हायचा असतो. कंपनीचे अंदाजपत्रक, संचालक मंडळाची बैठक, संस्थेची छाननी असे करीत नवा करार हाती पडेपर्यंत बहुधा ऑगस्ट येतो. पाऊस जूनमध्येच सुरू झालेला असतो आणि त्याआधी खोदायचे चर तसेच राहून गेलेले असतात. मधल्या चार-पाच महिन्यांचे मानधन न मिळाल्याने गावाला ओळखणारा कार्यकर्ता एव्हाना एखाद्या वित्तसंस्थेत कर्जवसुलीच्या नोकरीला लागलेला असतो. तीच गावे, तीच घरे. त्याला कोणी पत्ता विचारावा लागत नाही.